शेंद्र्याजवळचे म्हातारे घोडे

बजाजनगरात संध्याकाळी आम्ही मित्र जमलो, की हल्ली मला कोणी तब्येत विचारत नाही. "आज घोड्यांनी काय केलं?" असंच विचारतात. आणि मी सांगतोच!

शेंद्र्याच्या अलीकडं सोडून दिलेल्या, जखमी, म्हाताऱ्या घोड्यांना सांभाळणारी एक जागा आहे. दर रविवारी मी तिथं हौसेनं राबायला जातो. दोन वर्षांत किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच तोंड घालतो.

*

कारखान्यातून रिटायर झालो आणि झोपच उडाली. तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला होतो. माल तपासायचा, खोट काढायची. घरी माल कुठला? मग बायकोच्या पोळ्यांतच खोट काढायला लागलो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "कुठंतरी जा हो. कुठंबी जा!"

गेलो. तिथं घोड्यांची देखभाल रशीदचाचा करतात. जन्मभर टांगा चालवलेला माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी हातात फावडं दिलं. "साब, घोडा बाद में देखो. पहले लीद देखो!"

लीद ओली आहे की सुकी, दाणा अख्खाच पडलाय का, सगळं पाहायचं. घोडा पोटदुखी सांगत नाही, लीद सांगते. मी आपला सवयीनं तीन ढीग करून बसलो. तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

"काका, हे काय?"

"हा पास, हा रिवर्क आणि तो रिजेक्ट!"

त्या हसल्या. पण रिजेक्टवाल्या घोड्याचं पोट तपासलं, तर खरंच बिघडलेलं!

त्या दिवशी जेवून पाठ टेकली ती थेट सकाळ. बायकोनं म्हणे दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं!

*

बादशाह हा टांग्याचा घोडा. चाचांचाच. वय झालं म्हणून इथं आणला आणि त्याच्यामागं चाचाही इथंच राहिले.

त्याला फिरवायला नेलं, की कोपऱ्यातल्या लिंबाखाली तो थांबायचा. ओढा, ढकला, गूळ दाखवा, ढिम्म! मी घामाघूम. चाचा लांबून ओरडले, "साब, सवारी उतरी नै अभी!"

मला आधी कळेना. मग मी जोरात पाय आपटला आणि म्हणालो, "चाचा, उतरलो हो!"

बादशाह लगेच चालायला लागला!

"पण चाचा, त्या झाडापाशी कोणता स्टॉप होता?"

"मेरेकू क्या मालूम? उसकू पूछो!"

*

राणी ही वरातीतली घोडी. पायाची जखम भरली होती, पण पाय काही जमिनीला टेकवेना. डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे सगळे उपाय केले. उपयोग शून्य.

एका दुपारी रस्त्यानं वरात चालली होती. बँड सुरू झाला. राणीनं कान टवकारले आणि काय सांगू, चारही पायांवर नाचायला लागली!

डॉक्टरीणबाई रस्त्याकडं पळाल्या. आम्हाला वाटलं, आवाज बंद करायला चालल्या. तर त्या बँडवाल्यांना म्हणतात, "थांबू नका! अजून वाजवा!"

नवरदेवाच्या मामांना वाटलं, मुलीकडची पाहुणी असेल. त्यांनी हाताला धरून नाचायलाच ओढलं! कुंपणाच्या आत राणी आणि बाहेर डॉक्टरीणबाई!

*

एकदा शेताच्या बांधाच्या वादावरून भावाशी फोनवर कडाक्याचं भांडण करून मी राणीला ब्रश करायला गेलो. मी जवळ गेलो की ती दोन पावलं सरकायची. पुन्हा जवळ, पुन्हा सरकली.

"झगडके आये ना साब?" चाचांनी विचारलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ये बोल रही ना!"

मी बाहेर आलो आणि भावाला फोन लावला. म्हटलं, "दादा, चुकलो. रागावू नको."

पलीकडून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, "काय झालं रं? डॉक्टर काय म्हणले? खरं सांग!"

*

आमच्याकडं एक आंधळा घोडा आहे. रस्त्यावर सापडलेला, म्हणून नाव कुणालाच ठाऊक नाही. आम्ही मोती, राजा, शेरू, सगळ्या हाका मारून पाहिल्या. चाचांनी सिकंदरपर्यंत मजल मारली. कान हलेल तर शपथ!

डॉक्टरीणबाईंच्या आई, सुमनबाई, देवगाव रंगारीला राहतात. वडील जाऊन आठ महिने झाले होते. आई उंबऱ्याबाहेर पडेना, कुणाशी बोलेना. एका रविवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना जवळजवळ उचलूनच आणलं. त्या शेडच्या सावलीत बाजेवर गप्प बसून होत्या.

दुपारी लेकीनं भाकरीचं फडकं आईपुढं ठेवलं. सुमनबाईंनी गाठ सोडली, भाकरी, ठेचा मांडला आणि नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं हाक मारली, "अहो, ऐकलं का? या जेवायला!"

डॉक्टरीणबाईंचे डोळे भरले. चाचांनी मान खाली घातली. सुमनबाईंचा हात भाकरीवर तसाच राहिला.

आणि पार पलीकडच्या कुंपणापासून तो आंधळा घोडा निघाला. कान पुढं, एकेक पाऊल चाचपत, सरळ बाजेपाशी येऊन थांबला. मान खाली घातली.

सुमनबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर नीट केला, अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढं धरली आणि म्हणाल्या,

"बघा, तुम्ही तरी पहिल्या हाकंला आलात!"