पोशीरची डीपी आणि माझं दोन प्रोसेसरचं कार्ड

आता काय सांगू तुम्हाला, हे आठवलं की अजून माझे कान गरम होतात! पण आमच्या पोशीरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट तुमच्यापासून काय लपवायची? चहा घ्या, आणि हसायचं तर खुशाल हसा. गाव हसून हसून दमलंय, तुम्ही तरी मागे का राहता?

मी खोपोलीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला. सुटलो की तिथल्याच शिळफाट्यावर अल्ताफच्या दुकानात टेकायचं, हा नेम. अल्ताफ माझा कॉलेजातला दोस्त. तो कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो. आणि मी काय करतो? मी त्याच्या दुकानात बसून ज्ञान वाटतो! कुठलं ग्राफिक्स कार्ड भारी, कुठल्या गेमला किती फ्रेम मिळतात, कोण गरम होतं, कोण थंड राहतं... व्हिडिओ बघून बघून मी असा पंडित झालो होतो की गिऱ्हाईक मालकाला सोडून मलाच विचारायचं.

एक बारीकशी गोष्ट मात्र मी कधी कुणाला बोललो नव्हतो. ग्राफिक्स कार्ड मी जन्मात हातात धरलं नव्हतं.

तर एके दिवशी अल्ताफनं काउंटरखालून एक खोकं काढलं. आत हातभर लांब, विटेसारखं जड धूड. एकाच कार्डावर दोन प्रोसेसर! आता अशी कार्डं फारशी कुणी काढत नाही, पण एके काळी ह्याच्या नावानं पोरं उसासे टाकायची. मीही टाकलेत.

"निल्या, माझा गेमिंग हॉल काढायचं ठरलंय," अल्ताफ म्हणाला. "मुंबईचा एक जण अशी सहा कार्डं द्यायला तयार हाय. तू हे घरी ने, मोठमोठे गेम लावून बघ. रविवारी मी येतो. तू हो म्हणालास तर सहाही घेतो, नाय म्हणालास तर हेपण परत. बघ हां, तुझ्या शब्दावर चाललोय मी."

तुझ्या शब्दावर! माझी छाती अशी फुगली की मोटरसायकलवर खोकं मांडीत घेऊन बसता येईना.

घरी आलो. अल्ताफनं कार्डासाठी मोठा पॉवर सप्लायही दिला होता. व्हिडिओ बघत बघत घरच्या जुन्या कॉम्प्युटरात सगळं बसवलं. कार्डाला दोन जाडजूड वायरी जोडल्या. पंखे घों घों करायला लागले. आईनं वर हळद-कुंकू लावलं. बायको सुजातानं विचारलं, "एवढं कशाला लागतंय हो गेम खेळायला?" मी नुसता हसलो. अज्ञानी माणसाशी काय बोलायचं?

गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला, बटण दाबलं, आणि फट्!

लाईट गेली. माझी एकट्याची नाही हो, अख्ख्या आळीची! बाहेर एकच गलका झाला.

"कुनाची गेली गं?"

"सगल्यांचीच गेली!"

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? गप्प बसतो. आणि मी? मी ओट्यावर आलो, कमरेवर हात ठेवले आणि आवाज चढवून सांगितलं, "घाबरू नका! माझ्यामुळे गेली. नवीन कार्ड बसवलंय. दोन प्रोसेसरचं!"

विचारलं होतं का कुणी? नाही!

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, संध्याकाळी गेम लावला. पुन्हा फट्! तिसऱ्या दिवशी दिवे आधी बारीक झाले आणि मग गेले. आता तर शंकाच उरली नाही. गावात बातमी फिरली की निलेशच्या घरी असं मशीन आलंय, ज्याला अख्खी डीपी पुरत नाही.

आता डीपी म्हणजे आमचा गावचा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडे त्याचाही एक शिष्टाचार आहे बरं का. भातगिरणी चालू असली की कुणी विहिरीवरची मोटार लावायची नाही, मोटार चालू असली की गिरणीवाल्यानं थांबायचं. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळे पाळतात. त्यात हे नव्या भाताचे दिवस. झोडणी झालेली, पोती घेऊन लोक गणूकाकांच्या गिरणीपुढे बसलेले, आणि गिरणी रोज संध्याकाळी बंद.

गणूकाका म्हणजे कुणाच्या दारात न जाणारा माणूस. पण ते चक्क माझ्या ओट्यावर आले!

"निलेश, आज बसनार हायस का रं मशीनवर?"

"बसावं लागेल, काका. रविवारपर्यंत निकाल द्यायचाय."

"मंग असं कर ना रं. जरा उशिरानं बस. लोकांचं भात खोलंबलंय."

मी थोडा वेळ आढ्याकडे बघितलं. मोठी माणसं बघतात तसं. मग म्हणालो, "ठीक आहे. सातपर्यंत तुमची गिरणी. पुढे मी."

म्हातारा माणूस हात जोडून गेला हो! आणि मला लाज वाटायच्या ऐवजी काय वाटलं सांगू? गोड वाटलं. मग तर रीघच लागली. हळदीच्या मांडवावर भोंगा लावणारा विचारायला आला. विहिरीवर मोटार असलेले दोघे विचारून गेले. आई शेजारणींना सांगायला लागली, "माज्या पोराच्या मशीनला ईज कमी पडते गं बायांनो!" सुजाता मात्र वैतागली. नळावर बायका तिला ऐकवत होत्या.

"अहो, परत करा ना ते," ती म्हणाली. "मला मान वर करून चालायची सोय राहिली नाही."

"मोठ्या कामात थोडा त्रास होतोच," मी म्हणालो. बघा, बोलण्याची ऐट बघा!

आणि गेम कसा चालत होता, म्हणाल? चालत कुठला! रांगत होता. गाडी वळणावर पोचायच्या आत मी चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवायचो. चित्र अडखळायचं, आवाज पुढे जायचा. एखाद्याला वाटलं असतं, आपलंच काही चुकतंय. मला नाही वाटलं! मी निष्कर्ष काढला की इतक्या ताकदीच्या कार्डाला आमची वीज पुरत नाही, म्हणून बिचारं उपाशीपोटी पळतंय. म्हणजे गाव विजेसाठी कार्डाला बोल लावत होतं आणि मी कार्डासाठी गावच्या विजेला.

शनिवारी अल्ताफला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. "कार्ड राक्षस आहे, पण आपल्या भागात चालणार नाही. घेऊ नकोस. परत कर. हा माझा शेवटचा शब्द!"

रविवारी सकाळी डीपीपाशी सगळं गाव जमलं. गणूकाकांनी वायरमनला बोलावून आणलं होतं. अल्ताफही कार्ड न्यायला येऊन उभा राहिला. वायरमन वर चढला, खटपट केली, खाली उतरला आणि हात झाडत म्हणाला, "वरच्या वायरीला जोडनारा जंपर सैल झाल्ता. सांच्याला समद्यांचा लोड आला की तापायचा आन् सुटायचा, गार झाला की परत टेकायचा. आवळलाय. आता जायाची नाय."

झालं की नाही? सुटलो की नाही मी? देवानं आपणहून दार उघडलं होतं. गुपचूप घरी जायचं, कार्ड खोक्यात भरायचं, विषय संपला.

पण नाही! माझं नाव गेलं ना! आठवडाभर ज्याच्या मशीननं गाव अंधारात घातलं, त्याला हा एक साधा जंपर पुसून टाकणार?

"जंपर सैल झाला कशानं?" मी पुढे होऊन विचारलं. "माझ्या लोडनं! पटत नसेल तर मोजा ना! चला घरी, सगळ्यांसमोर मोजा!"

अल्ताफ कानाशी पुटपुटला, "निल्या, कशाला?" सुजातानं डोळ्यांनी दटावलं. पण मी कुणाचं ऐकणार? सगळी वरात माझ्या घरी. गणूकाका पुढे, बायका खिडकीशी, अल्ताफ दारात.

वायरमननं चिमट्यासारखं मीटर माझ्या मेन वायरीला लावलं. मी खुर्चीत बसलो, बोटं मोडली, गेम सुरू केला. कार्डाचे पंखे घोंघावले. मी ऐटीत विचारलं, "किती दाखवतंय?"

वायरमननं मीटर हलवून बघितलं. "चालू केलंस का?"

"केव्हाच!"

"आकडा जागचा हालंना."

"मीटर बिघडलंय तुमचं!"

तेवढ्यात सुजाता उठली. इस्त्रीची पिन लावली आणि बटण दाबलं. मीटर टुणकन वर गेलं.

"वैनी," वायरमन म्हणाला, "एक येळ तुमच्या इस्त्रीनं डीपी जाईल, पन ह्याच्यानं नाय."

खिडकीतून असा हशा उठला म्हणून सांगू! मी अल्ताफकडे बघितलं. म्हटलं, हा तरी सांगेल कार्ड काय चीज आहे. अल्ताफ वाकून कॅबिनेटच्या मागे बघत होता. बराच वेळ बघत होता. मग सरळ झाला आणि हळूच म्हणाला, "निल्या, पडद्याची वायर कुठं लावलीस?"

"जिथे कायम असते तिथेच."

"तेच रे बाबा. तिथंच राहिलीय. जुन्याच जागेवर. ती कार्डाला लावायची असते. तुझं कार्ड आठवडाभर नुसतं पंखा फिरवत बसलंय. एक गेमसुद्धा त्यानं बघितलेला नाय!"

आणि मी, शिळफाट्याचा पंडित, हातात माउस धरून बसलो होतो. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. माझ्या शब्दावर बिचारा सहा कार्डं सोडून देणार होता हो!

अल्ताफनं वायर काढून कार्डाला लावली, पुन्हा गेम सुरू केला. आई शपथ, गाडी अशी सुटली की खिडकीतल्या बायका मागे सरल्या! रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता. अल्ताफ तर टाळ्याच पिटायला लागला. "सहाच्या सहा घेतो!"

मी मात्र पडद्याकडे बघतच नव्हतो. मी बघत होतो वर, बल्बकडे. आता तर दोन्ही प्रोसेसर खरोखर जुंपले होते! म्हटलं, देवा, जास्त काही मागत नाही. एकदाच, जरासाच बारीक होऊ दे.

बल्ब लखलखत राहिला. पलीकडे गणूकाकांची गिरणीसुद्धा सुरू झाली, तीही मजेत धडधडत होती.

मंडळी हसत हसत पांगली. गणूकाका तेवढे मागे थांबले. माझं तोंड बघून त्यांना दयाच आली असावी. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घिऊ नको रं. तुज्यानं बी जाईल कदीतरी लाईट."