गोटीरामच्या दारी मानाचे बैल

देवळ्याकडच्या आमच्या गावात पोळ्याला वेशीतलं तोरण तोडायचा मान पाटलाच्या बैलांचा. दलित वस्तीतल्या गोटीरामचे बैल सगळ्यांत शेवटी. मी खंडेराव पाटलाचा चुलतभाऊच, म्हणून उगाच गोड बोलणार नाही. रिवाज कसला, जातीचा माजच तो.

मग ट्रॅक्टर आले. गोठे रिकामे झाले, पाटलाचाही झाला. यंदा अख्ख्या गावात एकच जोडी उरली, गोटीरामची. पाटलानं निरोप धाडला, "पोळ्यापुरते बैल दे. मान आमचा, कासरा मी धरीन."

गोटीरामची साठी उलटलेली. एकदा तरी आपले बैल आपल्या नावानं वेशीतून पुढं जावेत, एवढीच त्याची हौस. त्याच्या ओट्यावर चांगलीच जुंपली. अंबडच्या कारखान्यातून सुटीवर आलेला त्याचा मुलगा अमोल म्हणाला, "आबा, देऊ नका. ग्रामसभेत ठराव मांडू. आपल्यालाबी मत हाय."

शाळेतले शेखर गुरुजी म्हणाले, "ठरावानं मन बदलत नाही रे. सबुरीनं घे."

"किती पिढ्या?" अमोलनं विचारलं. गुरुजी चहा फुंकत बसले.

"देतो बैल," गोटीराम म्हणाला. अमोल त्या दिवशी जेवलाच नाही.

पुढचे आठ दिवस गोटीराम रोज संध्याकाळी बैल वेशीपर्यंत न्यायचा आणि घरी आणायचा. दारात त्याची बायको नवसाबाई गूळ घेऊन उभी. विचारलं तर म्हणायचा, "हवा खायला नेतो." पोळ्याच्या सकाळी वैरण मात्र जरा हात राखूनच टाकली.

दुपारनंतर पाटील फेटा बांधून वेशीत. तोरण तुटलं, बॅन्ड वाजला. पाटलानं कासरा वाड्याकडं ओढला आणि बैल वळले वस्तीकडं. कासरा सोडला तर मान सुटतो, म्हणून पाटील मागं फरफटत. मानाच्या बैलांमागं बॅन्ड, बॅन्डमागं गाव. मी तर हसून हसून बेजार.

बैल थांबले ते थेट गोटीरामच्या दारात. नवसाबाईनं बैल ओवाळले, पुरणपोळी भरवली. मग रीतीप्रमाणं कासरा धरणाऱ्यालाही टिळा लावून पोळी पुढं केली. या वस्तीत पाटील कधी पाणीसुद्धा प्यायला नव्हता. पण पोळ्याचा नैवेद्य नाकारला तर बैलांना वाईट, हे त्यानंच आम्हाला जन्मभर सांगितलेलं.

पाटलानं पोळी खाल्ली. दुसरा घास घेताना हळूच म्हणाला, "तूप हाय का?"

गोटीराम अमोलच्या कानाशी लागला, "तुझा ठराव काढ आता. तोंड भरलेलं हाय, नाय कसं म्हणतो बघू."

"पण गुरुजी तर म्हणत होते..."

"त्यांचंबी बरोबर. सबुरीची पोळी त्यांची, कागद तुझा. नुसत्या पोळीवर राहिलो तर उद्या इसरतील."

अमोलनं तिथंच लिहिलं : ज्याचे बैल, त्याचा मान. ग्रामसभेपुढं ठेवायच्या त्या कागदावर पहिली सही मी ठोकली. पाटलानं इकडं तिकडं पाहिलं. सगळं गाव बघत होतं. तुपाचा हात धोतराला पुसून त्यानंही केली.

मग आम्ही वेशीत नवं तोरण बांधलं. गोटीरामनं स्वतः कासरा धरला. वेशीजवळ त्याला पाऊल उचलवेना, म्हातारा उभ्या उभ्या रडायला लागला. बैलांना कसली सबुरी? तेच त्याला ओढत पुढं घेऊन गेले.