सुट्टी बाधते म्हणणारा माणूस

सोलापूर स्टेशनवरच्या पुलाच्या तिसऱ्या पायरीवर अप्पा थांबले आणि वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागले. चपलेला काहीच झालेलं नव्हतं. धाकटा भाऊ शिवा माझी ट्रंक खांद्यावर घेऊन वर पोहोचला होता, गाडी लागलेली होती आणि मला पुण्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी हजर व्हायचं होतं. "तू पुढं हो, मी आलोच की," अप्पा म्हणाले. ते आले नाहीत. खालूनच हात वर करून "होगि बा" म्हणाले. जाऊन ये. आम्ही घरात निम्मं कन्नड बोलणारी माणसं. निघणाऱ्याला नुसतं 'जा' म्हणणं आमच्यात अशुभ. मला मात्र राग आला होता. एकुलती एक मुलगी परगावी चालली आणि या माणसाला चार पायऱ्या चढायचा कंटाळा!

हे मी आपल्या गल्लीत राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारखं उठून गेलेल्यांसाठीही. आठवून बघा, बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. घरटी एक माणूस गिरणीत होता आणि घरटी एक खोकला. त्या खोकल्याला आपण आजार म्हणतच नव्हतो. अप्पा कार्डखात्यात, म्हणजे जिथं कापूस पिंजून त्याचे पेळू करतात तिथं. घरी येत तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असत. आमची आई, अव्वा, त्यांना दारातच फडक्यानं झाडायची आणि मग आत घ्यायची. अप्पांचा एक हट्ट होता. आठवड्याची सुट्टी घ्यायची नाही, त्या दिवशीही दुसऱ्याच्या बदली कामावर जायचं. सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळते, सलग गेलं की नाही आवळत. म्हणजे सुट्टीच बाधते, असा त्यांचा हिशेब. आपण सगळ्यांनी तो मान्य केला होता. मीसुद्धा.

पुण्यात दुसऱ्या वर्षी माझी ड्यूटी एका म्हाताऱ्या गृहस्थांपाशी लागली. छातीचं दुखणं वर्षानुवर्षांचं, पण आता पाय सुजलेले. सिस्टरांनी त्यांच्या घोट्याजवळ अंगठा दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला. "हा आता नुसता छातीचा पेशंट नाही, हार्टचा आहे," त्या म्हणाल्या. खराब झालेल्या फुप्फुसांतून रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, तो लावून लावून ते थकतं आणि मग पायांवर पाणी उतरतं. मी वहीत उतरवून घेत होते, मध्येच हात थांबला. त्याच आठवड्यात शिवाचं पत्र आलं होतं. अप्पांना संध्याकाळी जुनी चप्पल होत नाही, एक नंबर मोठी घेतली, असं त्यानं गमतीनं लिहिलं होतं.

तीन दिवसांची रजा मिळाली. घरात पाऊल टाकलं आणि चहा घ्यायच्या आधी अप्पांच्या पायाला अंगठा लावला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. सुट्टी बाधत नाही, सुट्टीत छाती मोकळी होते म्हणून पुन्हा धूळ लागली की आवळल्याचं कळतं, रोज जाता तेव्हा आवळलेलीच असते, तुम्हाला कळेनासं झालंय एवढंच, असं मी तावातावानं सांगत राहिले. गिरणी आजच सोडा म्हणाले. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. अव्वा पाण्याला गेली, शिवा बाहेर होता, तेव्हा बोलले.

"ते मला तुज्या आदीपासनं ठावं हाय पोरी. पण मी सुटलो की माज्या जागी शिवा जाईल. त्याच खात्यात. मग?"

बापानं राजीनामा दिला की मुलाला घ्यायचे, ही गिरणीची रीत. गल्लीत ती नशिबाची गोष्ट समजत. शिवा तर त्या दिवसाची वाटच बघत होता आणि म्हातारा जागा सोडत नाही म्हणून मित्रांत हसत होता. अप्पांनी मला त्याला काही सांगायला बंदी घातली. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा झोपेत असताना मी शिवाचा अंगठा धरला आणि त्यांच्या पायावर दाबला. तो खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते त्याला बघायला लावलं. आमच्या हॉस्पिटलच्या धोबीखात्यात एक जागा होती, ती मी पुण्याहून निघतानाच विचारून ठेवली होती. शिवा माझ्याबरोबर यायला तयार झाला.

स्टेशनवर अप्पा या वेळीही तिसऱ्या पायरीपर्यंतच आले. मला "होगि बा" म्हणाले. शिवा पाया पडला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "होगु."

नुसतं 'जा'. शिवाचा चेहरा उतरला. गाडी पुण्याच्या वाटेला लागली, तरी कुर्डुवाडीपर्यंत तो दाराशी उभा राहून मागंच बघत होता.

अप्पांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. गिरणीनं मुलगा कुठाय विचारलं, तर म्हणाले, गाव सोडून गेला. औषधं, अळणी भाकरी आणि उशाला दोन उशा, यांवर दोन वर्षं काढली. मग हृदय थांबलं. तुम्ही सगळे हळहळला होतात की खोकल्याचा माणूस अचानक हार्टनं गेला. अचानक नव्हे हो. ते एकच दुखणं होतं, छातीत सुरू झालेलं. तुमच्याकडं आजही कुणी खोकत असेल आणि त्याची चप्पल घट्ट होत असेल, तर दाखवून या, एवढंच माझं सांगणं.

अप्पा गेल्याची खबर मिळून आम्ही दोघं पोहोचलो तेव्हा दारात माणसं होती. शिवा उंबऱ्याशी थांबला. त्याला कुणी 'ये' म्हटलेलं नव्हतं. अव्वा आतून उठून आली. हातात तेच फडकं होतं. प्रवासाच्या धुळीनं भरलेले त्याचे खांदे तिनं दारातच झाडले.

"ओळगे बा," ती म्हणाली. आत ये.

घर कुठंय असं कुणी विचारलं, की मला ते फडकं आठवतं.