बोऱ्यावरचं गाव

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी जवाहरनगरच्या फॅक्टरी बसमध्ये होते. मामीचा फोन. "पोरी, तुये मामा गेले वो..." एवढंच. मी उगाच उठून उभी राहिले. शेजारची बाई बसा-बसा म्हणत राहिली. त्याला दीड महिना होत आला, पण मला अजून कुठेच स्वस्थ बसवत नाही.

मामांनी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. पोरं घोकतात आणि विसरतात असा विषय, पण मामांच्या अंगात तो भिनला होता. तहसीलदारांना कुणी 'सरकार' म्हटलं की भडकायचे. "सरकार आपण बसवतो, आपणच उठवतो. राज्य मात्र राह्यते. अन् तहसीलदार पगारी नोकर आहे बापा!" मी केंद्राच्या दारूगोळा फॅक्टरीत लागले तेव्हापासून माझं नावच पडलं, 'केंद्र सरकार'. "ये वो केंद्र सरकार, चहा ठेव."

मग गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि आमचं गाव उठलं. नव्या वसाहतीत प्लॉट चिठ्ठ्या टाकून मिळाले. भिंतीला भिंत लागून राहिलेली माणसं दोन टोकांना गेली. पंचायत शेजारच्या गावाची, आम्ही तिच्या शेपटाला. मामांनी एक दिवस समाजमंदिरापुढे सभा बोलावली. प्रत्येकाने धानाचा रिकामा बोरा आणायचा आणि समोरचं अंगण म्हणजेच जुनं गाव समजून, तिथे जिथे घर होतं त्या जागी तो अंथरून बसायचं, गल्लीप्रमाणे. मधे तळ्याची जागा मोकळी. लोक आधी हसले. मग शेजारी शेजारी बसून जुनी भांडणं उकरून काढायला लागले, तेव्हा कुठे मामा खूश झाले. कायद्याने या सभेला काडीची किंमत नव्हती. पण रस्ता, नळ, स्मशानाची वाट, सगळं तिथे ठरायचं आणि मग माणसं मिळून कचेरीत जायची.

शेवटच्या भेटीत ते खाटेवर पडून होते. "राज्याले काय काय लागते, सांग बरं." मी शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं... लोक, भूभाग, शासन, सार्वभौमत्व. "भूभाग तं बुडाला," ते म्हणाले. "मी गेल्यावर सभेले कोणी आलंच नाई, तं लोक बी गेले समज." त्यांना धाप लागली. थोड्या वेळाने म्हणाले, "तू येजो."

तेरवीनंतरच्या सभेला मी गेले. मामीने मोकळ्या सोडलेल्या तळ्याकाठी, जुन्या घराच्या जागी, मामांचा बोरा अंथरला. माणसं आली, पण थोडी. सगळे त्या रिकाम्या बोऱ्याकडे बघत बसलेले. संपलं सगळं, असं वाटलं, आणि मामांचाच राग आला. एका माणसाबरोबर उठून जाणार असेल, तर ते गाव कसलं?

तेवढ्यात मागच्या गल्लीतली एक सून उठली. लग्न होऊन वसाहतीतच आलेली, जुनं गाव तिने कधी पाहिलेलं नाही. ती मोकळ्या जागेतून सरळ चालत निघाली.

"अवो, तळं आहे तं!" एक म्हातारा ओरडला.

तिला काय कळणार? ती आली आणि मामांच्या बोऱ्यावर मांडी घालून बसली. मी ताडकन उठले. मामीने माझा हात धरला. "बसू दे वो तिले."

"नळाले पाणी काहून येऊन नाई राह्यलं?" सून म्हणाली. "उद्या कचेरीत कोण कोण चालते?"

मग मामीने हात वर केला. मामा हयात असताना ती कधी कचेरीची पायरी चढली नव्हती. माझा हात तिच्याच मुठीत होता, तोही वर गेला. पाठोपाठ तळ्याच्या चारी काठांवरून हात वर यायला लागले... तो ओरडलेला म्हातारासुद्धा.

सभा उठल्यावर सुनेने बोरा झटकला, नीट घडी केली आणि मामीपुढे धरला.

"ठेव तुयाजवळच," मामी म्हणाली. "उद्या कचेरीत बसाले लागन."