हणमंतअण्णांचा पाना

चाक बदलून झालं की हणमंतअण्णा पाना माझ्या हातात द्यायचे आणि चार पावलं लांब जाऊन उभे राहायचे. "मास्तर, आता तुम्ही बघा." मी मल्लेश्वरमच्या एका शाळेत गणित शिकवायचो आणि शाळेच्या व्हॅनमध्ये मुलांबरोबर जायचो. अण्णा त्या व्हॅनचे ड्रायव्हर, लढाईत लष्कराचे ट्रक चालवलेले. पहिल्यांदा मी म्हणालो, "अण्णा, तुमचं काम मी काय तपासणार?" तर म्हणाले, "पोराचा पेपर पोरगंच तपासतंय काय?"

रोज सकाळी टायर, ब्रेक, दिवे बघितल्याशिवाय व्हॅन हलत नसे. हेडमास्तर घड्याळ दाखवायचे. अण्णा म्हणायचे, "स्वल्प थांबा, सार. शाळा कुठं पळून जाते?" पंक्चर झालं तर आधी मुलं खाली, रस्त्यापासून दूर. मग बाकीच्या चाकांना दगड, नट जमिनीवरच सैल करायचे, आणि नंतर जॅक. एरवी शांत असलेला हा माणूस, जॅकवरच्या गाडीखाली कुणी नुसतं वाकलं तरी कडाडायचा.

दहा वर्षं मी पाना फिरवला. नट कधी तसूभर हलला नाही. खरं सांगायचं तर पुढे पुढे माझं तपासणं म्हणजे देखल्या देवा दंडवत झालं होतं. पाना लावायचा, तोंडानं हुं करायचं आणि अण्णांच्याच कानडीत म्हणायचं, "सरी आहे, अण्णा," म्हणजे ठीक आहे.

वयाची साठी उलटल्यावर त्यांचे हात कापायला लागले. शाळेत नव्या ड्रायव्हरची कुजबुज सुरू झाली. बायको गेलेली, मूलबाळ नाही. व्हॅन हाच त्यांचा संसार. त्यामुळे ती सुटेल अशी मला भीती वाटायची, आणि त्या भीतीनं एक दिवस चाक बदलल्यावर मी मनापासून जोर लावला. नट सहज अर्धा फेरा फिरला. शेजारचाही. झाडाखाली मुलं दंगा करत होती. मी दोन्ही नट गच्च आवळले आणि म्हणालो, "सरी आहे, अण्णा."

"तुमचा कोपर हलला, मास्तर," अण्णा म्हणाले. "किती फिरला?"

"अर्धा," मी म्हणालो. "दोन नट."

त्यांनी माझ्याकडून सगळे नट पुन्हा आवळून घेतले, मुलांना सावकाश शाळेत पोचवलं आणि हेडमास्तरांच्या टेबलावर किल्ली ठेवली. कुणी मागितली नव्हती. फाटकापाशी मी त्यांना गाठलं. तुमची नोकरी जाईल म्हणून खोटं बोललो, असं काहीबाही सांगू लागलो.

"हात थकला, त्याचं काय एवढं? वय झालं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पण दहा वर्षं मी तुमच्या सरीवर पोरं बसवून गाडी चालवली, मास्तर. त्यातल्या खऱ्या किती?"

आणि अण्णा बसस्टॉपकडे चालू लागले.