व्याह्यांपुढचं पाचट

आमच्याकडे वेळ अमावस्येची यादी मी करते. मी लातूरला नोकरीला. शेत देवणीजवळ, तिथं थोरले दीर आणि जाऊबाई असतात. पण माणसं किती, कोण कोणत्या गाडीत, ताक कुणी आणायचं, हे सगळं माझ्याकडे. त्या दिवशी घरदार शेतात जेवतं. कडब्याची कोप उभारून तिच्यात पूजा होते, मग हिरव्या दाण्यांची नि भाज्यांची भज्जी, भाकरी, ताकातली आंबील. ओळखीपाळखीचे सगळे येतात, त्यामुळे शेत दाखवण्याचाही तोच दिवस. ज्याचं रान विस्कटलेलं, त्याची गावात वर्षभर चर्चा.

त्या वर्षी यादीत नवे पाहुणे होते. पुतणीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि तिचे सासरे, आमचे मुखेडकडचे व्याही, पहिल्यांदाच शेतात येणार होते. आठवडाभर आधी दिरांचा फोन आला. माणसं मोजून झाल्यावर ते सहज म्हणाले, परवा पाचट पेटवतो, रान कसं स्वच्छ दिसेल.

ते पाचट जाऊबाईंचं होतं. ऊस तुटून गेल्यावर उरलेला वाळका पाला आमच्या भागात सर्रास जाळतात. बचत गटाच्या शिबिरात जाऊबाईंनी ऐकलं, की त्या आगीत मातीच्या वरच्या थरातले जीव मरतात आणि गांडुळांना खायला काही उरत नाही. म्हणून पाला सरीत पसरावा, रोटाव्हेटर फिरवू नये. त्यांनी कडेचा एक एकर दिरांकडून मागून घेतला. पहिल्या वर्षी मी पाला उचलून पाहिला, तर खाली कोरडी ढेकळं आणि उंदराचं बीळ. उंदरांनी ऊसही कुरतडला. "उंदरांला घरकुल मंजूर झालं," असं दीर येईल त्याला सांगायचे. पाल्याखाली गोगलगायी दडतात, ही दुसरी तक्रार. तीही खरी होती. जाऊबाई पावसाळ्यात ओली पोती अंथरून त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचत राहिल्या.

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर मात्र तिथल्या मातीवर बारीक गोळ्यांचे ढीग दिसू लागले. ती गांडुळांची विष्ठा. जुना पाला उचलला की खालून पांढरे बुरशीचे धागे, आणि पाला बोटांत चुरा व्हायचा. नुकताच ऊस तुटून त्यावर नवा पाला पडला होता. तो पेटला असता तर खालचं सगळं गेलं असतं. मी जाऊबाईंना फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "व्याही एक दिस जेवून जातील. गांडुळं यायला दोन वरसं लागली."

मी मधला मार्ग काढला. कोप नेहमीच्या जागी न घालता पलीकडच्या ज्वारीत घालायची, गाड्या त्याच बाजूनं आणायच्या. पाहुण्यांना पाचट दिसणारच नाही. दीर कबूल झाले, पण अट घालून: व्याही एक शब्द जरी बोलले, तरी संध्याकाळी काडी लावणार.

जेवणाची, बसण्याची, गाड्यांची सोय मी चोख केली. पूजेनंतर आंबील शिंपडत सगळ्या शेताला अनवाणी फेरी घालतात, हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नाही. दीर मडकं घेऊन पुढे निघाले, मागे व्याही, आणि मागोमाग आम्ही. उघड्या रानातून सगळे टाचा उचलत, ढेकळं चुकवत चालले होते. पाचटाशी आल्यावर व्याही थांबले.

"पावणं, गादी अंथरलीय का काय आमच्यासाठी?"

माणसं हसली. दिरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की संध्याकाळचं ठरलंच. जाऊबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला.

व्याही दोन पावलं आत गेले आणि हसायचे थांबले. खाली बसून त्यांनी पाला सारला आणि मूठभर माती उचलली. ती ओलसर होती, मुठीत वळली. तिच्यातून एक गांडूळ लोंबकळत होतं.

"पाणी कवा दिलतं इथं?"

"तोडणीच्या आधी," दीर म्हणाले. "नंतर न्हाई."

व्याह्यांची शेती सगळी कोरडवाहू. त्यांनी पलीकडच्या सरीतही हात घालून पाहिला. आमचं रान जाळून जाळून विटेसारखं झालंय, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?

दिरांनी मडकं या हातातून त्या हातात घेतलं. "आमीच करायलोय दोन वरसं झालं. आता समद्या उसाला करायचा इचार हाय."

मला हसू आवरेना. जाऊबाईंनी मात्र भांडण काढलं नाही, की श्रेयही मागितलं नाही. त्यांनी पदर सैल सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मग बाकीच्या उसाचं बांधाला रचलेलं पाचट उद्याच पसरू. पावण्यांम्होरं बोललाव."

दिरांनी मान डोलावली. व्याहीही मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी मी लातूरला निघाले तेव्हा दोघे व्याही बाह्या सारून सरीत वाकले होते, आणि पाला जास्त जाड पडतोय म्हणून जाऊबाई बांधावरून दोघांनाही दटावत होत्या.