रांगोळीपायी कोंडलेला ड्रेन

“साहेब, पाण्याला क्लोरीनचा लई वास यायलाय. पर मीटर क्लोरीन कमी दावतोय.” फोनवर फिल्टर हाऊसचे ऑपरेटर मारुतीअण्णा होते.

“अण्णा, तुमचं नाक जुनं झालं. मीटर नवा आहे. कमी दाखवतोय ना? मग डोस वाढवा,” मी म्हणालो. वर स्वतःच्याच विनोदावर हसलो.

निपाणीजवळच्या त्या गावात क्लोरीन अॅनालायझर, म्हणजे हा मीटर, मीच बसवला होता. मेन लाइनमधून एक बारीक ट्यूब थोडं पाणी मीटरच्या सेलमध्ये आणते. ती सॅम्पल लाइन. मोजून झालेलं पाणी दुसऱ्या ट्यूबमधून जातं, तो ड्रेन. ड्रेन फनेलवर मोकळा सोडायचा असतो. तो कुठं कोंडला तर सेलमधला फ्लो पडतो आणि रीडिंग खऱ्यापेक्षा कमी येतं. हे मी ट्रेनिंगमध्ये छाती फुगवून शिकवतो.

पण त्या फोनच्या आधी, खंडेनवमीला तिथं यंत्रांची पूजा होती. फनेलमधून पाणी उडून मीटरसमोरची रांगोळी भिजायला लागली. पाणी खात्याचे मोठे साहेब पूजेला अनवाणी येणार. मी ट्यूब सरळ फरशीखालच्या पाइपात खुपसली आणि भोवती टेप गुंडाळून तोंड घट्ट बंद केलं. त्या पाइपात फिल्टर धुतलेलं पाणी तुंबतं, हे मला माहीत होतं. म्हटलं, पूजेपुरतंच. रांगोळी कोरडी राहिली. साहेब कानडीत “आयतु, आयतु”, म्हणजे झालं, झालं, म्हणत खूश झाले. मी पेढा खाऊन अनगोळला घरी गेलो. टेप तिथंच राहिली.

अण्णांच्या त्या फोननंतर थोड्याच दिवसांत बायका घागरी घेऊन फिल्टर हाऊसवर आल्या.

“आधी तू पिऊन दाव रं ह्ये पाणी!” एकीनं अण्णांपुढं घागर धरली.

साहेब आले. मलाही बोलावलं होतं.

“मीटर?”

“ओके आहे, सर. ऑपरेटरची मिस्टेक असणार.” मी मीटरकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

अण्णा कंत्राटी. साहेबांनी गावासमोरच सांगितलं, “उद्यापासून येऊ नका.” अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. साहेबांची गाडीही गेली.

मग मी मीटरपाशी वाकलो. टेपवर रांगोळीचा गुलाबी रंग अजून चिकटलेला होता. टेप कापून ट्यूब उपसली. पाणी मोकळं वाहायला लागलं आणि रीडिंग भराभर वर चढलं.

लगेच साहेबांना फोन करून सगळं कबूल केलं.

“गावासमोर बोललोय मी. आता शब्द मागं घेऊ? मीटर चालू झाला न्हवं? आयतु.” फोन बंद.

अण्णा आता खडेबाजारात एका दुकानात गोणी लावतात. परवा भेटले. मी माफी मागितली. त्यांनी चहा सांगितला.

“नाकाला काय झालं न्हवतं साहेब माझ्या,” एवढंच म्हणाले.

ट्रेनिंगमध्ये आता मी एक वाक्य जास्तीचं सांगतो : ड्रेनला हात लावू नका, रांगोळी सरकवा. सगळे हसतात. पूर्वी मीही हसलो असतो.